हॉकिंग, नारळीकर आणि आमचे दादा

२० मे २०२५ रोजी पुण्यात जयंतराव नारळीकर गेले. मी काही विज्ञानाचा माणूस नव्हे. इतिहास आणि मराठी शिकवण्यात सारी नोकरी गेली. पण नारळीकर आमच्या पिढीला घरचेच वाटायचे. बातमी ऐकल्यावर त्यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' कपाटातून काढले आणि केंब्रिजची पाने पुन्हा वाचू लागलो. वाचता वाचता मन भलतीकडेच गेले, ते आमच्या थोरल्या दादांकडे. का गेले ते सांगतो. जरा लांबचा फेरा आहे, धीर धरा.

नारळीकर एक आठवण सांगत असत. १९६१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हर्स्टमॉन्सो येथे, जिथे तेव्हा ग्रिनिचची शाही वेधशाळा होती, एक शिबिर भरले होते. नारळीकर तेव्हा केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली संशोधन करत होते, आणि शिबिरात ऑक्सफर्डहून आलेला एक पोरगा खूप प्रश्न विचारत होता. त्याचे नाव स्टीफन हॉकिंग. त्या दोघांचा टेबलटेनिसचा सामना झाला आणि नारळीकर जिंकले. एवढीच गोष्ट. लोक ती ऐकून हसत. मला मात्र त्यातली हॉकिंगच्या हातातली बॅट दिसते. पुढच्याच वर्षी, ऑक्सफर्डच्या शेवटच्या दिवसांत, त्याला उगीचच अडखळायला होऊ लागले, एकदा तो जिन्यावरून पडला. १९६३ च्या सुरुवातीला, एकवीस वर्षांचा असताना, डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले आणि साधारण दोन वर्षांची मुदत दिली. त्यानंतर तो माणूस पंचावन्न वर्षे जगला. १४ मार्च २०१८ रोजी गेला.

मोटर न्यूरॉन डिसीज. अमेरिकेत एएलएस म्हणतात, किंवा लू गेरिग या बेसबॉल खेळाडूचे नाव देतात. मराठीत त्याला रुळलेले नावच नाही. आमच्याकडे जो तो म्हणायचा, "दादांना लकवा झाला." लकवा नव्हता तो. लकवा एका रात्रीत येतो आणि पुढे थोडाफार तरी ओसरतो. हा हळूहळू येतो आणि ओसरत नाही.

थोडे शाळेतल्यासारखे समजावून सांगतो. मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूत येतो, तिथल्या पुढच्या भागातल्या पेशी तो उचलतात आणि स्नायूकडे पोचवतात. हुकूम पोचवणाऱ्या या पेशी म्हणजे मोटर न्यूरॉन. त्या एकेक करून मरू लागतात. हुकूम देणारा जागा आहे, हुकूम बजावणारा स्नायूही आहे, मधला निरोप्या मेला. मग स्नायू वाळतो. पण स्पर्श कळतो, दुखलेले कळते, ऐकू येते, दिसते. बहुतेकांची बुद्धी शाबूत असते, जरी काहींच्या वागण्या-विचारांतही फरक पडतो असे अलीकडे लक्षात आले आहे. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते. हे डोळ्यांचे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या रोगाचा इतिहास तसा जुना नाही, म्हणजे रोग जुना असेल पण ओळख नवी. १८५० मध्ये पॅरिसच्या आरान नावाच्या डॉक्टरांनी स्नायू वाळत जाणाऱ्या काही रुग्णांची हकीकत छापली. त्यातला एक होता प्रॉस्पेर लकोंत, सर्कशीचा मालक. कसरतीच्या धंद्यातल्या माणसाचे अंगच साथ सोडू लागले! तो वारल्यावर क्रुव्हेलिये या शरीरशास्त्रज्ञाने शवविच्छेदन केले, तेव्हा मज्जारज्जूतून पुढच्या बाजूने निघणाऱ्या नसांची मुळे बारीक झालेली दिसली. ते त्यांनी १८५३ मध्ये मांडले. पुढे १८६९ पासून शार्को यांनी सालपेत्रिएर रुग्णालयात हे सगळे एका सूत्रात बसवले आणि १८७४ मध्ये रोगाला आजचे लांबलचक नाव दिले. लकोंतला अखेरच्या दिवसांत भरवत कोण होते, रात्री कूस कोण बदलत होते, हे मला कुठे सापडले नाही. सर्कशीतली माणसे असतील, बायको असेल. इतिहासात रोगी येतो, डॉक्टर येतो, उशाशी बसलेले माणूस येत नाही. मी वर्गात किती लढाया शिकवल्या, पण जखमी सैनिकांचे पाणी कोणी भरले हे एकदाही शिकवले नाही, म्हणजे मीही त्यातलाच.

आपल्या देशातही या रोगाच्या वेगळ्या तऱ्हा दिसल्या. १९७० मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी एक प्रकार नोंदवला, तो आजही जगभर 'मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज' म्हणून ओळखला जातो. तरुण वयात सुरू होतो, ऐकू कमी येते, पण सावकाश चालतो. एकाच हाताचे किंवा पायाचे स्नायू वाळून काही वर्षांनी तिथेच थांबणारा प्रकारही भारतात आणि जपानात बराच सापडला. म्हणून ज्याच्या हाताचे मांस उतरले त्याने लगेच घाबरून जाऊ नये. नीट तपासून घ्यावे.

आपल्या गावांना याच पेशींचा दुसरा शत्रू मात्र चांगला माहीत होता. पोलिओ. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या ह्याच पेशी मारतो. आमच्या लहानपणी प्रत्येक आळीत एखादे पोर पाय ओढत चालायचे. आया त्याला कडेवर घेऊन शाळेत आणायच्या. मुंबईत फातिमा इस्माईल नावाच्या बाई होत्या, स्वातंत्र्यलढ्यातल्या. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांना दिसले की अशा मुलांसाठी देशात काहीच सोय नाही, आणि १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्यातून उभे राहिले. एका आईच्या जागरणातून रुग्णालय उभे राहिल्याचे हे उदाहरण आपल्या राज्यातले आहे आणि ते पाठ्यपुस्तकात असायला हवे होते.

आणखी एक आठवते. १९७१ ला डोळे येण्याची मोठी साथ आली होती. कलकत्त्याकडे तिला 'जय बांगला' म्हणायचे, कारण तेव्हा बांगलादेशचे निर्वासित येत होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या खोलीतल्या सगळ्यांचेच डोळे आले होते. पुढे कळले की मुंबईत त्या साथीनंतर काही आठवड्यांनी काही मोठ्या माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले होते आणि ते डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणले. तोही विषाणूच, पण तिथेही मार त्याच भागावर. असो. सांगायचे इतकेच की पोलिओ एकदा घाव घालतो आणि निघून जातो. उरलेल्या बळावर माणूस घर बांधतो, संसार करतो. मोटर न्यूरॉन घाव घालतच राहतो. पोलिओ पाहिलेल्या आमच्या गावाला हा फरक कळायला फार वेळ लागला.

आता दादा.

आमच्या पिंप्राळ्याचा आषाढी एकादशीचा रथ तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला असेल त्यांना मोगरी माहीत असेल. रथाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. पुढे दोरखंड ओढणारी शेकडो माणसे, आणि चाकाखाली लाकडी मोगरी घालून रथ थांबवणारी, वळवणारी मोजकी माणसे. दादा तरुणपणी मोगरी लावायचे. नेम असा की चाक इंचभर पुढे जात नसे. वय झाल्यावर ते काम पोरांनी घेतले, तरी आमच्या गल्लीपुढे रथ आला की मानाची एक मोगरी दादांना द्यायचे. २००६ च्या आषाढीला ती त्यांच्या हातातून निसटली. कोणाला लागले नाही, पोरांनी सांभाळून घेतले. दादा घरी येऊन उजव्या हाताकडे बघत बसले. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग बसला होता. दंडाचे मांस आपोआप फडफडायचे. वहिनी म्हणाल्या वात आहे. तेल लावले.

पुढचे वर्ष मानेच्या मणक्यात गेले. तपासणीत मणक्यांची झीज दिसली. (साठीनंतर कोणाच्या मणक्यांची दिसत नाही?) एका शहरातल्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, आम्ही केले. केळीच्या बागेचे त्या हंगामाचे सगळे पैसे त्यात गेले. दुसरा हातही जाऊ लागला तेव्हा मुंबईला नेले. तिथे सुया टोचून स्नायूंची विद्युत तपासणी झाली आणि २००८ च्या मध्यावर नाव कळले. मी त्या पहिल्या डॉक्टरांना दोष देत बसत नाही. हा रोग एका तपासणीत कळतच नाही, बाकीचे रोग वगळत वगळत त्याच्याशी यावे लागते, आणि मणक्याच्या ऑपरेशनच्या वाटेने गेलेली माणसे मला नंतर आणखी भेटली.

मुंबईच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, रिलुझोल. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले या रोगाचे पहिले औषध. आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. "बरे होणार का?" या प्रश्नाला ते "नाही" म्हणाले. तो "नाही" आम्ही दादांपासून लपवला. आपल्याकडे लपवतातच. दादांना तो कळला होता, हे फक्त वहिनींना माहीत होते.

आणि मग सुरू झाले हॉकिंग. जो भेटायला येईल तो म्हणे, "अहो तो शास्त्रज्ञ बघा, इतकी वर्षे जगतोय!" मीही म्हणायचो. जानेवारी २००१ मध्ये हॉकिंग मुंबईत आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी. आठ जानेवारीचा त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस मुंबईतच झाला. वर्तमानपत्रात खुर्चीतला तो फोटो मी कापून शाळेच्या फळ्यावर लावला होता आणि 'इच्छाशक्तीचा विजय' असा मथळा दिला होता. पुढे ते दिल्लीला गेले, तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे जावेद आबिदी यांनी आवाज उठवला आणि तिथल्या जुन्या इमारतींवर हॉकिंगच्या खुर्चीसाठी तात्पुरते लाकडी उतार घातले गेले. म्हणजे इच्छाशक्तीला उतारही लागतो. हे माझ्या मथळ्यात नव्हते.

दादा आजारी पडल्यावर मी हॉकिंगबद्दल जे सापडेल ते वाचले. त्यांचा रोग इतका सावकाश चालला की तसे उदाहरण क्वचितच. बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांत जातात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे जेन. रोग कळल्यानंतर, १९६५ मध्ये, या मुलीने त्यांच्याशी लग्न केले. तीन मुले झाली. नवऱ्याला भरवायचे, उचलायचे, कपडे घालायचे आणि मुलांना शाळेत सोडायचे, ह्यात स्वतःचा स्पॅनिश काव्यावरचा प्रबंध तिने कसाबसा वर्षानुवर्षे रेटला. १९७४ पासून संशोधन करणारा एखादा विद्यार्थी त्यांच्या घरी राहू लागला, राहायला जागा आणि त्या बदल्यात हॉकिंगच्या उठण्या-झोपण्याला मदत. १९८५ मध्ये जिनिव्हाजवळ गेले असताना न्यूमोनिया झाला, कृत्रिम श्वासावर ठेवले, आणि तिथल्या डॉक्टरांनी यंत्र बंद करायचे का असे विचारले. जेन नाही म्हणाली. त्यांना विमानाने केंब्रिजला आणले, गळ्याला छिद्र केले, आवाज कायमचा गेला. त्यानंतर चोवीस तास परिचारिका लागल्या, आणि तेवढा खर्च इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाही करत नव्हती. अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठानाने पैसे दिले. पुढे ते लग्नही टिकले नाही. जेनने आपली बाजू १९९९ मध्ये पुस्तकात मांडली तेव्हा काहींना ते आवडले नाही. मला विचाराल तर तिने लिहिले हे फार बरे केले.

वहिनींना हे सगळे मी एका दुपारी सांगितले. त्या कुकरची शिटी मोजत होत्या. म्हणाल्या, "तिले विद्यार्थी भेटले भाऊजी, मले कोन?" मी गप्प. मी रोज संध्याकाळी येऊन तासभर बसायचो आणि पेपर वाचून दाखवायचो, आणि मला वाटायचे मी सेवा करतो आहे.

सेवा काय असते ते सांगतो. पातळ पाण्याचा ठसका लागतो, पण घट्ट पेज उतरते, हे वहिनींनी स्वतः शोधले, नंतर डॉक्टरांनी तेच सांगितले. केळ्याचे शिकरण चालायचे, आणि केळी तर घरचीच. भरताची आवड म्हणून वांगे भाजून, साल-बिया काढून, कापडातून गाळून चमच्याच्या टोकावर द्यायच्या. एका जेवणाला सव्वा तास. रात्री दर दोन तासांनी कूस. माशी नाकावर बसली तर ती उडवता येत नाही, आणि ती बसलेली कळते! न्यूयॉर्कला टोनी जड नावाचे इतिहासकार होते, त्यांना २००८ मध्ये हाच रोग झाला. त्यांनी रात्रीबद्दल लिहून ठेवले आहे, की खाज सुटते आणि हात नाही, आणि सकाळपर्यंत असेच पडून राहायचे. ते रात्रभर मनातल्या मनात लेख रचायचे, लहानपणी पाहिलेल्या स्वित्झर्लंडमधल्या एका घराच्या खोल्यांत एकेक परिच्छेद ठेवून द्यायचे, आणि दिवसा दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचे. ऑगस्ट २०१० मध्ये ते गेले. माझ्याच विषयातला माणूस, म्हणून जास्त लागले.

२००९ च्या उन्हाळ्यात श्वासासाठी मास्कचे यंत्र आणले, जुनेच विकत घेतले. तेव्हा खान्देशात भारनियमन जोरात होते. इन्व्हर्टर बसवला, तरी बॅटरी संपली तर काय म्हणून वहिनी घड्याळ बघत जाग्या राहायच्या. मास्कमागचा आवाज बदलला की त्यांना शेजारच्या खोलीत कळायचे.

मग बोलणे गेले. आधी दारूड्यासारखे जड झाले. दादांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता, त्यांना त्या आवाजाची लाज वाटायची आणि ते गप्प बसू लागले. घरात फक्त वहिनींना त्यांचे शब्द कळायचे. इथे मला माओ आठवतो. हसू नका! अखेरच्या काळात माओलाही हाच रोग होता, असे त्याच्या खासगी डॉक्टरने पुढे पुस्तकात लिहिले. त्याचे पुटपुटणे फक्त झांग युफेंग या त्याच्या खासगी सचिव बाईला कळायचे. मुळात ती रेल्वेतली सेविका. ओठ बघून ती सांगायची, 'अध्यक्ष असे म्हणत आहेत.' ऐंशी-नव्वद कोटींचा देश, आणि त्याचा हुकूम एका बाईच्या तोंडून निघत होता. ती सांगते ते बरोबर की चूक, हे ताडून पाहायला कोणाकडे काही नव्हते. मी हे फार नवलाने वाचले होते. नंतर आमच्याच घरात तेच झाले. "तुझे दादा म्हणताहेत की शेत विकू नका." "दादा म्हणताहेत धाकटीच्या लग्नाला थांबू नका." पुतण्याला कधी कधी शंका यायची. बापाचे म्हणणे की आईचे? वहिनी चिडायच्या. "त्याईले सगयं समजतं. निस्तं बोलता येत नही."

म्हणून मी तक्ता केला. मास्तराचेच काम ते. १९८५ मध्ये आवाज गेल्यावर, संगणक येण्याआधी, हॉकिंग यांच्यासमोर अक्षरांचा तक्ता धरायचे आणि ते भुवई उचलून अक्षर दाखवायचे, हे वाचले होते. इंग्रजीला सव्वीस अक्षरे. आपली बाराखडी त्यापेक्षा मोठी, पण आपल्या पूर्वजांनी वर्णमाला अशी काही रचून ठेवली आहे की काम सोपे झाले. पुठ्ठ्यावर ओळी पाडल्या. स्वरांची एक, क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग, मग य र ल व, मग उरलेली. आधी ओळ विचारायची, "क? च? ट?" आणि हवी ती ओळ आली की दादांनी डोळे मोठे मिटायचे. मग त्या ओळीतले अक्षर. चार-पाच प्रश्नांत अक्षर मिळायचे. काना-मात्रा आम्ही सोडून दिल्या, फार वेळ जायचा. प-ण म्हटले की पाणी, प-ख म्हटले की पंखा. म-श म्हणजे माशी. पहिल्या दिवशी त्यांनी काय सांगितले असेल? च-ष-म. माझा चष्मा त्यांना लावला, आणि तो नको म्हणून डोळे वटारले. त्यांचा स्वतःचा चष्मा चार महिने कोणी पुसला नव्हता.

फेब्रुवारी २०१० मध्ये छातीत कफ साठला आणि रुग्णालयात दाखल केले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारले, गळ्याला छिद्र करून यंत्रावर ठेवायचे का? पुतण्या हो म्हणाला. पैसे मी उभे करतो म्हणाला, आणि त्याने केलेही असते. मी काहीच बोललो नाही. धाकटे भाऊ म्हणाले त्रास नको. वहिनी म्हणाल्या, "त्याईले तं विचारा." आम्ही सगळे शिकलेले, पण हे कोणाला सुचले नव्हते. तक्ता घरी होता, तो आणवला. मी धरला.

घ. मग र.

"घरी जायचं?" वहिनींनी विचारले. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले राहिले. थकलेही होते.

आम्ही घरी आणले. नवव्या दिवशी पहाटे दादा गेले, आपल्या खाटेवर, वहिनींचा हात छातीवर असताना.

तेव्हा याबाबत कायदा काय म्हणतो हे आम्हाला माहीत नव्हते, आणि खरे तर कायदाही चाचपडतच होता. पुढच्या वर्षी, मार्च २०११ मध्ये, अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल लागला. मुंबईच्या केईएममधली ही परिचारिका, नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर अत्याचार झाला आणि ती कायमची निपचित पडली. बेचाळीस वर्षे, २०१५ मध्ये जाईपर्यंत, तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळले. तिला मरण द्यावे असा अर्ज बाहेरच्या व्यक्तीने केला होता. न्यायालयाने म्हटले, तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे तिची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्यांना ती जगायला हवी होती. हा निकाल वाचताना मला वहिनी आठवल्या. जो कूस बदलतो त्याला बोलू द्या, असेच जणू न्यायमूर्ती म्हणत होते. फरक एवढाच, की अरुणाला विचारता येत नव्हते, दादांना येत होते. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली. त्यानंतर पाचच दिवसांनी हॉकिंग गेले. २०२३ च्या जानेवारीत त्या लिहून ठेवण्याची पद्धत सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढेही करता येते. मी माझे लिहून ठेवले आहे. घरात रुसवेफुगवे झाले, पण लिहिले.

अपंगांच्या २०१६ च्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन्स आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मोटर न्यूरॉनचे नाव वेगळे नाही. प्रमाणपत्राला हातापायांच्या अपंगत्वातून जावे लागते. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची लाट आली, अमेरिकेतल्या एका संस्थेकडे त्यातून अकरा कोटी डॉलरहून जास्त जमा झाले. हैदराबादच्या एका पत्रकार बाईंनी पाण्याऐवजी तांदळाची बादली गरजूला द्या म्हटले, ते मला पटले. पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात पाणी डोक्यावर ओतणार कोण? पण त्या पैशातून संशोधन पुढे गेले हे खरे आहे. २०२३ मध्ये एका विशिष्ट जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या प्रकारावर औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. थोड्याच रुग्णांना लागू पडते, आणि किंमत विचारू नका. मुंबईत 'आशा एक होप फाउंडेशन' ही याच रोगाच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. आमच्या वेळी ती माहीत असती तर वहिनींना निदान कोणाशी तरी बोलता आले असते.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. गेल्या दिवाळीत पुतण्या आला होता. रात्री ओट्यावर आम्ही दोघेच. तो म्हणाला, "काका, एक विचारू? तक्त्यावर मात्रा नव्हत्या ना?"

मी म्हटलं, "नव्हत्या."

"मग ते 'घर'च होतं कशावरून? 'घोर' असेल तर? मला घोर लागलाय असं म्हणत असतील तर? आपण घोर समजलोच नाही आणि घरी घेऊन आलो."

पंधरा वर्षे हे पोर हा विचार घेऊन हिंडत होते. मी त्याला म्हटले, आईने विचारले होते ना, घरी जायचे का, आणि त्यांनी डोळे मिटले होते. तो म्हणाला, "झोप लागली असेल तर?" याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मी वहिनींना विचारले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "घोर तं व्हताच. म्हनून तं घरी आनलं." आणि पुढचा लसूण घेतला. मी हे पुतण्याला फोनवर सांगितले. तो काही बोलला नाही, पण फोनही लगेच ठेवला नाही.

तो जुना पुठ्ठा वहिनींनी टाकू दिलेला नाही. मी नवीन तक्ता केला आहे. त्यात सगळ्यात खाली काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांची एक ओळ आहे. वेळ लागतो, पण असू द्या. बाजूला चौकोनांत नेहमीचे शब्द, कूस, पंखा, माशी, खाज, चष्मा पुसा. भुसावळच्या एका घरी दिला आहे, तिथे चालतो आहे. तुमच्या ओळखीत कोणाला लागला तर कळवा, हाताने काढून पोस्टाने पाठवीन.